पडती शाळा कशी सावरते?

गावची शाळा कुणाची? कुणी म्हणेल, सरकारची. कुणी म्हणेल, गुरुजींची. पण शाळेत पोरे कुणाची बसतात? आपलीच ना? मग शाळाही आपलीच.

शाळा एका दिवसात पडत नाही. आधी चार मुले जातात. मग आणखी चार. ज्याच्या हाती पैसा आहे, तो आपली मुले दूरच्या शाळेत धाडतो. मागे राहतात ती मोलमजुराची लेकरे. पट उतरत जातो आणि शाळेला कुलूप लागण्याची वेळ येते. मग लहान मुलीने रोज दुसऱ्या गावाला चालत जायचे कसे? आईबाप म्हणतात, राहू दे घरीच. तिचे शिकणे तिथेच संपते.

पण पडती शाळा सावरता येते. पुण्याजवळचेच उदाहरण बघा.

पुणे जिल्ह्यात खेड तालुका आहे. तिथे जालिंदरनगर येथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. २०२२ साली ती बंद पडण्याच्या बेतात होती. पटावर अवघी ३ मुले उरली होती. त्या साली दत्तात्रय वारे गुरुजी तिथे बदलून आले. पण एकट्या गुरुजींच्याने काय होणार? पालक आणि गावकरी पुढे आले. कुणी पैसा दिला, कुणी अंगमेहनत केली. शेतात आपण इर्जिक घालतो ना? एकाच्या रानात सारे राबतात, तसेच हे झाले.

शाळेचे वळणही बदलले. तिथे ‘विषयमित्र’ अशी रीत आहे. ज्याला गणित चांगले येते, तो इतरांना गणित शिकवतो. ज्याला वाचन येते, तो वाचन शिकवतो. शिकणाऱ्याला भीती वाटत नाही, आणि शिकवणाऱ्याचेही पक्के होते. मुले वाढली, पट शंभराच्या पुढे गेला. २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांची निवड झाली. तेव्हा लोकांनी मते देऊन या शाळेला मान दिला.

पुण्याला ही वाट नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुणे शहरात मुलींच्या शाळा काढल्या. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १८५५ साली त्यांनी शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. आईबापांना अक्षराची गोडी लागली, की लेकराची शाळा सुटत नाही.

आता कायदाही आपल्या बाजूला आहे. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. त्याप्रमाणे शाळेत ‘शाळा व्यवस्थापन समिती’ असते. तिच्यात चार सभासदांपैकी तीन पालक असावे लागतात. निम्म्या जागा बायांच्या असतात. शाळेला आलेला पैसा कुठे गेला, हे समितीने पाहायचे. शाळेला पुढे काय हवे, तेही समितीनेच ठरवायचे. म्हणून सभेला जा. कागद पुढे आला तर आधी वाचा, मग सही करा. वाचता येऊ लागले, ते याचसाठी.

घरीही थोडे करता येते. मुलाला वेळेवर शाळेत धाडा. सुगीच्या दिवसांतही त्याला घरी ठेवू नका. रात्री त्याचे पुस्तक हाती घ्या. एक ओळ तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. अडले तर त्यालाच विचारा. त्यात कमीपणा कसला? तोच तुमचा विषयमित्र.

तुम्हाला ओव्या येतात. बियाणे ओळखता येते. सुतारकी, कुंभारकी येते. ही विद्याच आहे. गुरुजींना सांगून एखाद्या दिवशी वर्गात जा आणि मुलांना ती दाखवा. आपल्या आईला, बापाला शाळेत मान मिळतो, हे मूल पाहते. मग त्याला शाळा परकी वाटत नाही.

देवळाचा दिवा विझू नये म्हणून आपण पाळीपाळीने तेल घालतो. शाळेचाही दिवा तसाच आहे. त्याची पाळी आपण सर्वांनी वाटून घेऊ या.