नळ बंद करणारा हात

मुलांनो, आज सकाळी दात घासताना तुमच्या घरचा नळ चालू होता की बंद? खरं सांगायचं हं! इथे कोणी छडी घेऊन बसलेलं नाही. आमच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा ३८ मुलांपैकी ३१ हात ‘चालू’ला वर आले. दोन-तीन हात अर्ध्यावरच लोंबकळत राहिले. त्यांचं उत्तर काय होतं, ते तुम्हीच ओळखा!

नळाबद्दल मी एवढी हट्टी का, ते आधी सांगते.

डी.एड. झाल्यावर माझी पहिली नेमणूक त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावर झाली. चौथीत एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, गणितात एकदम पक्की. पण मार्च उजाडला आणि ती रोज उशिरा येऊ लागली. प्रार्थना संपायची, हजेरी संपायची, मग ही धापा टाकत दारात उभी! चार दिवस मी रागावले. पाचव्या दिवशी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. ती काही बोलली नाही. शेवटी तिची मैत्रीणच म्हणाली, “बाई, ती तीन खेपा करून येते.”

कसल्या खेपा? दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्याबरोबर गेले. डोंगराच्या पायथ्याशी एक झिरा होता. त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. झिरा रिकामा झाला की पुन्हा पाणी साठेपर्यंत बसून राहायचं. मागे बायकांची रांग. परतताना एक हंडा मी डोक्यावर घेतला आणि अर्ध्या वाटेतच खाली ठेवला. मान भरून आली होती. ती मात्र एक थेंब न सांडता पुढे चालली होती. त्या दिवसापासून उन्हाळा संपेपर्यंत मी हजेरी मधल्या सुट्टीनंतर घेऊ लागले. पण तिला बाहेर उभं केलेला तो एक तास काही मला परत देता आला नाही.

नवल म्हणजे हा भाग काही कमी पावसाचा नाही. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस कोसळतो. आपली गोदावरी उगम पावते तो ब्रह्मगिरी याच तालुक्यात आहे. पण डोंगर उभे उताराचे आणि मातीखाली काळा, कठीण बेसाल्ट खडक. पाण्याला मुरायला जागा थोडी आणि पळायला वाट मोठी! म्हणून जुलैत धबधबे आणि एप्रिलमध्ये रिकामे हंडे.

आता करू या हिशेब

पुढे मी नाशिक शहरातल्या शाळेत आले. तिथल्या मुलांना ही गोष्ट सांगितली आणि आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही करा. एक लिटरची बाटली नळाखाली धरा आणि घड्याळ बघा. आमची बाटली १० सेकंदांत भरली. म्हणजे एका मिनिटात ६ लिटर. दात घासायला दोन मिनिटं धरली, तर १२ लिटर! तेच तांब्यात पाणी घेऊन चूळ भरली, तर एक लिटर पुरतं. एका मुलाचे ११ लिटर वाचले. वर्गातल्या ३८ मुलांनी असं केलं तर ४१८ लिटर. हंडा १५ लिटरचा धरला, तर हे झाले जवळजवळ २८ हंडे. म्हणजे २८ खेपा! फळ्यावर हा आकडा लिहिला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला.

एका चुणचुणीत मुलानं मात्र विचारलं, “बाई, आम्ही नळ बंद केला तर ते पाणी त्या मुलीच्या हंड्यात जाईल का?”

प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर आहे, नाही जाणार. तिच्या पाड्यासाठी डोंगरावर चर खणायला हवेत, बंधारे बांधायला हवेत, झाडं राखायला हवीत. मग आपण नळ का बंद करायचा? कारण आपलं पाणीही कोणाच्या तरी वाट्याचं असतं. ते कसं, हे बघायला आपण नदीबरोबर थोडं चालू या.

गोदामाईबरोबर खाली खाली

ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी आधी गंगापूर धरणात थांबते. नाशिक शहराचं बरंचसं पिण्याचं पाणी इथून येतं. ते पंपाने उचलायचं, शुद्ध करायचं, टाक्यांमध्ये चढवायचं. याला वीज लागते, पैसा लागतो. नळाखाली फुकट वाहतं ते असं कष्टाचं पाणी.

पुढे ती रामकुंडावर येते. शहरात नासर्डी, म्हणजेच नंदिनी, आणि वाघाडी तिला मिळतात. मग निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, म्हणून त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. २०२० साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ते दाखल झालं. हा मान मिळवणारं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण. तिथून पुढे पैठणचं जायकवाडी धरण. छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरं त्याचं पाणी पितात. असं करत करत १४६५ किलोमीटर चालून गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते.

म्हणजे बघा, नदीकाठी आपण सगळे एकाच रांगेत उभे आहोत. वरच्यानं सांडलं किंवा घाण केलं, की खालच्याच्या तोंडात जातं. सांडपाणी शुद्ध करायला नाशकात तपोवन, आगर टाकळी अशा ठिकाणी केंद्रं आहेत. पण नाल्यात भिरकावलेली पिशवी आणि वेफर्सचं रिकामं पाकीट कुठल्या केंद्रात थांबणार? पहिला मोठा पाऊस पडला की त्यांची स्वारी थेट नदीत!

मग आपण काय करायचं? मोठे मोठे संकल्प नकोत. फक्त पाच सवयी.

पहिली : नळ बंद. दात घासताना आणि हाताला साबण चोळताना नळ बंद ठेवायचा. पण पाणी वाचवायचं म्हणून हात धुणं टाळायचं नाही हं! जेवणाआधी आणि शौचानंतर साबण लावून निदान २० सेकंद हात चोळायचे. फेस करताना पाणी लागतंच कुठे?

दुसरी : ‘शिळं पाणी’ ओतायचं नाही. पुष्कळ घरांत नळाला पाणी आलं की कालचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओततात. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत बिघडत नाही. प्यायला नको असेल तर तुळशीला घाला, फरशी पुसायला घ्या. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ मात्र पाळायचा. पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, सगळं रिकामं करून घासून कोरडं करायचं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आपण आठवड्यातच पाणी काढलं की त्याचा बेत फसला!

तिसरी : डबा आणि बाटली घरची. स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी, मधल्या सुट्टीला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, नाहीतर एखादं पेरू. रंगीत थंड पेयाच्या बाटलीत साखर भरपूर, पोषण जवळजवळ नाही आणि वर रिकामी बाटली उरते. घरच्या डब्याने पोटाचंही भलं आणि नदीचंही.

चौथी : दारामागे कापडी पिशवी. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. तरी भाजीबाजारात त्या दिसतातच. कारण आपण हात हलवत जातो! आईच्या जुन्या साडीची पिशवी शिवून दाराच्या खिळ्याला अडकवा. बाहेर पडताना दिसेल तीच बरोबर जाईल.

पाचवी : ओलं वेगळं, सुकं वेगळं. घंटागाडी ही तर आपल्या नाशिकची जुनी ओळख. तिची घंटा वाजली की दोन डबे घेऊन पळायचं. ओला कचरा वेगळा मिळाला तर पाथर्डीच्या खतप्रकल्पात त्याचं खत होतं. काचेचे तुकडे त्यात मिसळले तर कचरा उचलणाऱ्या काका-मावशींचा हात कापतो. काच कागदात नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्या आणि तसं तोंडाने सांगाही. अंगण किंवा गच्ची असेल तर घरीच खत करा. जुन्या बादलीला खाली भोकं पाडा. वाळलेल्या पानांचा थर, त्यावर भाजीची देठं, त्यावर थोडी माती, असं भरत जा. चार दिवसांनी एकदा हलवा. दोन-तीन महिन्यांत काळंभोर खत तयार!

सगळ्या सवयी एकदम लागत नाहीत. मलाही नाही लागल्या. वहीच्या शेवटच्या पानावर सात चौकोन आखा. या आठवड्यात एकच सवय निवडा आणि जमली त्या दिवशी चौकोनात एक छोटा हंडा काढा. विसरलात तर चौकोन रिकामा ठेवा, खोटा हंडा काढू नका. रविवारी मोजा. किती भरले, किती रिकामे?

आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांचे चौकोन रिकामेच होते. पण शाळेच्या नळाशी आता एक नवाच आवाज ऐकू येतो. कुणी हात चोळत उभा राहिला आणि नळ चालू दिसला, की मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, “अरे, खेप चालली बघ!”

तो आवाज ऐकला की मला वाटेवरची ती मुलगी दिसते. डोक्यावर हंडा, नजर समोर आणि एकही थेंब सांडत नाही.

मग, उद्या सकाळी तुमचा नळ चालू असणार की बंद?