एम्बापे गेला म्हणून पॅरिस जिंकले का?

३१ मे २०२५ रोजी म्युनिकमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने (पीएसजी) इंटर मिलानचा ५-० असा धुव्वा उडवून चॅम्पियन्स लीग प्रथमच जिंकली. त्याआधीच्या उन्हाळ्यात क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा किलियन एम्बापे रेआल माद्रिदला निघून गेला होता. तो असताना सात हंगामांत जे साधले नाही, ते तो गेल्यावर पहिल्याच हंगामात साधले. साहजिकच निष्कर्ष काढला गेला की, खरा अडसर तोच होता. हा निष्कर्ष कितपत टिकतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम आकडे पाहू. २०२३-२४ मध्ये पीएसजीने फ्रेंच लीगमध्ये ८१ गोल केले. त्यांपैकी २७ एकट्या एम्बापेचे होते. पुढील हंगामात तो नसताना गोलांची संख्या घटली नाही, उलट ९२ झाली. गुण ७६ वरून ८४ वर गेले. आदल्या हंगामात लीगमध्ये अवघे ३ गोल करणाऱ्या उस्मान डेम्बेलेने २१ गोल केले आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर पटकावला. म्हणजे संघ सुधारला, याविषयी वाद नाही. वाद आहे तो कारणाविषयी.

एम्बापेच्या जाण्याला श्रेय देणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. चेंडू गमावताच अकराही खेळाडूंनी तो परत मिळवण्यासाठी धावले पाहिजे, हा प्रशिक्षक लुईस एन्रिके यांचा आग्रह. एम्बापेची ताकद आक्रमणात होती. बचावातील धावपळीत तो हात राखून असे. त्याच्या जागी आघाडीच्या मध्यभागी आलेला डेम्बेले अंतिम सामन्यात इंटरच्या गोलरक्षकावर नजर रोखून, प्रत्येक पासमागे झेपावण्याच्या पवित्र्यात उभा होता. ते दृश्य पाहणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तरीही कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे तर झाले नाही ना? त्या वर्षात बदललेली गोष्ट एकच नव्हती. जोआव नेवेस, विल्यन पाचो आणि देझिरे दुए हे तिघे त्याच उन्हाळ्यात आले. जानेवारीत नापोलीहून ख्विचा क्वारात्स्खेलिया दाखल झाला. अंतिम सामन्यातील पाचपैकी तीन गोल दुए आणि क्वारात्स्खेलिया यांचे होते. एन्रिके यांचेही हे दुसरे वर्ष होते. त्यांची पद्धत आता अंगवळणी पडू लागली होती.

शिवाय सुधारणा लगेच झालीच नाही. शरद ऋतूत हाच संघ आर्सेनल, आतलेतिको माद्रिद आणि बायर्न म्युनिक यांच्याकडून हरला. जानेवारीत मँचेस्टर सिटीविरुद्ध ०-२ असा पिछाडीवर पडल्यावर तो स्पर्धेबाहेर जाण्याच्या बेतात होता. तेथून ४-२ असा विजय मिळवून त्याने साखळी टप्प्यात १५वे स्थान गाठले.

नशिबाचा वाटाही विसरता येत नाही. २०२४ च्या उपांत्य फेरीत, एम्बापे संघात असताना, डॉर्टमुंडविरुद्धच्या दोन सामन्यांत पीएसजीचे सहा फटके गोलच्या चौकटीवर आदळले आणि संघ एकूण ०-२ असा हरला. २०२५ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध पेनल्टी शूटआऊटमध्ये डोनारुम्माने दोन फटके अडवले आणि संघ तरला. थोडे इकडचे तिकडे झाले असते, तर आज आपण नेमका उलटा निष्कर्ष काढत बसलो असतो.

इतर उदाहरणेही एकाच दिशेने बोट दाखवत नाहीत. २०२३ मध्ये हॅरी केन गेल्यावर टॉटनहॅम आठव्या स्थानावरून पाचव्या स्थानी आले. पण त्याच वेळी प्रशिक्षकही बदलला होता, आणि पुढच्याच हंगामात तो संघ लीगमध्ये १७वा आला. २०१४ मध्ये लुईस सुआरेझ गेल्यावर लिव्हरपूलचे लीगमधील गोल १०१ वरून ५२ वर आले. तेथेही सुआरेझचा साथीदार डॅनियल स्टरिज दुखापतीमुळे बहुतेक हंगाम बाहेर होता. अशी अपयशी उदाहरणे आपण लवकर विसरतो. 'तो गेला आणि बरे झाले' ही गोष्ट मात्र ध्यानात राहते.

माद्रिदकडेही पाहावे. तेथे एम्बापेने पहिल्याच हंगामात ३१ लीग गोल करून युरोपचा गोल्डन शू मिळवला, पण संघाला आदल्या वर्षी जिंकलेली लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही राखता आल्या नाहीत. दोषारोप पुन्हा त्याच्यावरच झाला. टोनी क्रूस निवृत्त झाला होता, कार्वाहाल आणि मिलिताव गंभीर दुखापतींनी बाहेर होते, हे त्या गदारोळात बाजूला पडले.

मग न्याय्य उत्तर कोणते? एम्बापेच्या जाण्याने पीएसजी आपोआप सुधारले नाही. त्याच्या जाण्याने एक जागा मोकळी झाली. ती जागा दुसऱ्या एका ताऱ्याला न देता सर्वांत वाटून देण्याचा निर्णय प्रशिक्षकाचा होता, आणि तो पेलणारे खेळाडू आणण्याइतका पैसा क्लबकडे होता. हे दोन्ही नसते, तर ते ९२ गोल कोठून आले असते?

कार्यालयातील एखादा कर्तबगार सहकारी सोडून गेल्यावर विभागाचे काम सुधारले, की आपणही असाच झटपट निवाडा देतो. त्या काळात आणखी काय काय बदलले, हे आधी विचारावे. गेलेला माणूस आपली बाजू मांडायला तेथे नसतो.