चाळीस सेकंद

वहीच्या डाव्या पानावर कोरियन गाणं मराठीत लिहिलेलं होतं. अर्थ नव्हे, नुसते उच्चार. अक्षर बालबोध वळणाचं आणि शब्दांच्या मध्येच लाल पेनानं मारलेल्या उभ्या रेघा. उजव्या पानावर तेच गाणं तेलुगू लिपीत, दुसऱ्या कुणाच्या हातचं. भाची ही वही आमच्या घरी विसरून गेली होती. ती परत करायच्या निमित्तानं मी हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीला गेले. निमित्तच म्हणायचं, कारण दोन दिवसांनी ती स्वतःच येणार होती.

चिक्कडपल्ली मला नवी नाही. त्यागराय गानसभेत जुन्या गाण्यांचे कार्यक्रम ऐकायला आम्ही काचीगुड्याहून चालत जायचो. आता तिथं पुष्कळदा वादकांच्या जागी कराओकेचा ट्रॅक वाजतो. निवृत्त मंडळी कडक इस्त्रीत येतात आणि घंटसाला किंवा रफी यांचं नेमकं सगळ्यात अवघड गाणं निवडतात. वरच्या सुरावर गळा साथ सोडतो, तरी टाळ्या पडतात. सोपं गाणं निवडणं तिथं जरा कमीपणाचं समजतात.

भाची राहते ती गल्ली सिटी सेंट्रल लायब्ररीच्या मागे आहे. तो सगळा भाग सरकारी नोकरीसाठी ग्रुप वन, ग्रुप टूच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींचा. झेरॉक्सची दुकानं, हॉस्टेलांच्या पाट्या, आणि प्रत्येक दुसऱ्या इमारतीत मेस. तिच्या खोलीखालीही मेसच. जिना चढताना लाल मिरची नि कढीपत्त्याच्या फोडणीचा वास नाकात शिरला, तो शेवटपर्यंत हटला नाही.

शनिवारी संध्याकाळी इथं चौघी जमतात. लॅपटॉपवर बिनआवाजी ट्रॅक, कोपऱ्यात चाकांचा स्पीकर, दोन माइक. गाणारी कुणीही असो, गाणं निवडते भाची. तेच तिचं काम आणि त्यात ती कुणाला ढवळाढवळ करू देत नाही.

“चाळीस सेकंद, आत्या,” ती म्हणाली. “चाळीस सेकंदांत ओळ तोंडात बसली नाही तर गाणं बाजूला. मग ते कितीही आवडो.”

हा आकडा कुठून आला, असं विचारलं तर खांदे उडवले. पण पाळते मात्र देवाच्या नेमासारखा. फोनवर घड्याळ लावते, ट्रॅक सुरू करते आणि गाणारीच्या तोंडाकडे बघत बसते. कानापेक्षा तिचा डोळ्यांवर भरवसा जास्त. जबडा आवळला, भुवया वर गेल्या की बोट बटणावर.

मला वाटलं होतं, अडचण भाषेची असणार. ती निघाली श्वासाची. बीटीएस या कोरियन गटात सातजण. एकाची ओळ संपायच्या आत दुसरा सुरू होतो, मागून तिसरा हाकारा घालतो. सात गळ्यांत वाटलेलं गाणं एकटीनं म्हणायचं तर श्वास घ्यायला जागाच उरत नाही. आपलं सिनेमाचं गाणं बहुधा एका गळ्याचा हिशेब धरून बांधलेलं असतं; इथं तो हिशेब आपणच करायचा. वहीतल्या लाल रेघा म्हणजे त्या श्वासाच्या जागा. कुठला शब्द सोडून द्यायचा, त्याला कंस. हे सगळं ती कुठल्या क्लासात शिकलेली नाही.

मैत्रिणींपैकी एक, वरंगलची, ‘डायनामाइट’साठी हटून बसली होती. २०२० चं हे गाणं अख्खं इंग्रजीत असल्यानं सगळे त्यालाच सोपं समजतात. माइक घेतला, पहिल्या ओळी झोकात गेल्या, मग सूर वर चढला आणि चढलेलाच राहिला. त्यातच खालून फोडणीचा लोट आला. ठसका लागला तो थांबेना. “आंटी, सास कब लेना इसमें?” डोळे पुसत तिनं मला विचारलं. मी काय सांगणार! बत्तीस सेकंद झाली होती. भाचीनं बटण दाबलं.

तिची नावडती गाणी ठरलेली आहेत. ‘गंगनम स्टाइल’ (२०१२) हा सापळा: सगळ्यांना येतो तो नाच आणि ध्रुपद, मधल्या कडव्यांत जीभ अडकते. आययू या गायिकेचं ‘गुड डे’ (२०१०) तर घरात नक्कोच, त्यात शेवटी आवाज तीन पायऱ्या चढत जातो. त्याच आययूचं ‘थ्रू द नाइट’ (२०१७) मात्र ती नवख्यांना हमखास देते. संथ, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. इथं माझं तिच्याशी पटलं नाही. संथ गाण्यात बेसूरपण लपत नाही, हे गानसभेतल्या खुर्च्यांवर बसून मी पुरेसं ऐकलं आहे. “पण दम तर लागत नाही,” ती म्हणाली. तिला सुरापेक्षा दम महत्त्वाचा. असो.

लिपीचा भाग मला सगळ्यात आवडला. इंटरनेटवर ही गाणी रोमन अक्षरांत मिळतात आणि तिथंच घात होतो. कोरियनमधला ‘तू’ तिथं असा लिहिलेला असतो की आपण ‘निओ’ वाचतो; खरा उच्चार ‘नॉ’च्या जवळचा. वहीत स्वच्छ ‘नॉ’ लिहिलंय. त्यांचा एक ओठ मिटून सोडायचा महाप्राण आपल्या ‘फळ’मधल्या फ सारखा आहे, म्हणून समासात सूचना: ‘फळातला फ, फोनमधला नाही’. राजा सेजोंगनं १४४६ मध्ये जाहीर केलेल्या लिपीत मूळ अक्षरं २८, आणि त्यातला ओठ गोल न करता म्हणायचा ‘उ’ मात्र देवनागरीतही मावत नाही. तिथं तिनं ‘उ’वर फुली मारून ठेवली आहे. फुली दिसली की ओठ पसरायचे.

चहा पिताना मी तिला दाइसुके इनोऊएची गोष्ट सांगितली. कोबे शहरातला वादक. त्याच्याच साथीवर ज्याचं गाणं जमायचं, अशा एका गिऱ्हाइकाला बाहेरगावी गायचं होतं; त्याच्या गळ्याला झेपेल अशी साथ यानं टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ मध्ये कराओकेचं यंत्र आलं. पेटंट त्यानं घेतलंच नाही. “म्हणजे सोपं करून देण्यासाठीच निघालं की हे!” भाची म्हणाली. गानसभेतले इस्त्रीचे शर्ट माझ्या डोळ्यांपुढे आले.

मग माझी पाळी. तिनं पान उलटून ‘एपीटी.’ काढलं. रोझे आणि ब्रूनो मार्स यांचं, २०२४ चं. अपार्टमेंट या शब्दाचं कोरियन रूप, तिथल्या एका पिण्याच्या खेळातलं, पुन्हा पुन्हा म्हणत राहायचं. तीन अक्षरं, त्यातलं एक फळातल्या फ चं, एक फुलीचं. पट्टी तिनं माझ्यासाठी दोन सुरांनी उतरवली. मी बसूनच गायले. पंधरा सेकंदांनी उभी राहिले, का ते कळलं नाही.

तेवढ्यात दार वाजलं. घरमालक. आवाज कमी करा म्हणणार, असं वाटून चौघी गप्प झाल्या. पंचेचाळीस वर्षं याच गल्लीत काढलेले गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट. ते स्पीकरकडे बघत राहिले. मग तेलुगूत त्यांनी विचारलं, या भाषेत आपल्यासारख्याला जमेल असं काही आहे का?

भाचीनं त्यांच्या जबड्याकडे बघितलं, वहीची चार पानं उलटली आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.