कर्ज डोईजड झाले, वकील कुठे गाठावा?



लागणीच्या नोंदी घेत आम्ही शिवारात फिरत होतो. एका ज्येष्ठ सभासदांनी बांधावरच गाठले. "साहेब, दिवाळं काढणारा वकील कुठं मिळंल?" आम्ही पडलो शेतकी पदविकेचे. बेण्याचे विचारा, खोडकिडीचे विचारा. पण माणूस रडवेला झालेला.

त्यांची लेक वसईजवळ निर्मळला दिली आहे. जावयाने केळी-पानवेलीच्या वाडीवर खासगी सावकाराकडून पैसे उचलले आणि गहाणखताऐवजी चक्क खरेदीखत करून दिले. त्यावर लेकीचीही सही. शिवाय एका पतसंस्थेचे कर्ज, त्याला जामीन हे सभासद. कार्तिक वद्य एकादशीची निर्मळची यात्रा तोंडावर होती. विमलेश्वराचे दर्शनही घडेल म्हणून आम्ही सोबत गेलो. (हंगामात दोन दिवसांची रजा मिळाली हेच नवल!)

वसईच्या कोर्टाबाहेर पहिला भेटला तो वकील नव्हताच, दलाल होता. "वाडी सुटली की निम्मी द्या, आत्ता फी नको." अशांना लांबूनच नमस्कार करावा. निकालाच्या वाट्यावर फी ठरवणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानेच मना आहे. आम्ही सरळ तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. लेकीच्या नावे अर्ज केला.

वकीलबाईंनी आधी कागद मागितले : सातबारा, फेरफार, खरेदीखताची नक्कल, व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, नोटिसा. मग म्हणाल्या, "नादारी हा शेवटचा दरवाजा." १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे, अर्ज करता येतो. त्यात अवजारे, बैल, राहते घर सहसा वाचते, पण जमीन वाचेलच असे नाही. शिवाय नादार ठरल्यावर स्थानिक संस्थेत सभासद म्हणून बसता येत नाही. जावई हळूच म्हणाले, "मग उरलेली जमीन हिच्या नावावर करू का?" बाई कडाडल्या. नादार ठरण्याआधी दोन वर्षांच्या आतले असे बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकते.

त्यांनी वाट दाखवली ती २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याची. सावकारी व्यवहारात १५ वर्षांच्या आत गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर खरेदीखत रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकाराची खते जाळली. आज मात्र चिठ्ठी न चिठ्ठी जपायची, कारण पुरावा तोच.

जामिनकीतून सुटका नाही. कर्जदाराइतकाच जामीनदारही बांधील. पतसंस्थेने कलम १०१ खाली वसुली दाखला घेण्याआधीच हप्ते बांधून मागा, असे बाईंनी बजावले. परतताना सभासद गाडीत गप्पच होते. कसाऱ्याला चहा घेताना एवढेच बोलले, "सही करताना वाचलं नव्हतं, साहेब."

पालघरला अर्ज दाखल झाला आहे, सुनावणी व्हायची आहे. आपल्यापैकी कोणाकडे अशी खरेदीखते असतील तर गट ऑफिसात आणून दाखवावीत. कागद लावून देऊ, विधी सेवा समितीचा अर्जही भरून देऊ. पुढचे काम वकिलांचे.