रस्ता निर्भय कोणी करावयाचा?

एखाद्या नगराची सुव्यवस्था पाहावयाची असेल, तर तेथील न्यायमंदिरे किती उंच आहेत हे पाहू नये. दिवेलागणीनंतर एखादी कामकरी बाई हाती भाजीची पिशवी घेऊन एकटी घरी परतते तेव्हा ती किती वेळा मागे वळून पाहते, हे पाहावे. ह्या कसोटीस आमचे दिंडोशी लावून पाहता मनास समाधान वाटत नाही. येथे पोलीस ठाणे आहे. बोरिवली विभागाचे दिवाणी व सत्र न्यायालय येथेच भरते. द्रुतगती महामार्ग दाराशी आहे, आणि २०२२ च्या एप्रिलापासून मेट्रोचे स्थानकही झाले आहे. इतके सारे असून, स्थानकाच्या जिन्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतची वाट चालताना बायकांस मंगळसूत्र पदराखाली झाकून घ्यावे लागते व म्हाताऱ्या माणसांस प्रत्येक मोटारसायकलीच्या आवाजाने दचकावे लागते. न्यायालय दारी असणे आणि अभय दारी असणे, ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी होत.

ह्या भयावर शहाणी माणसे जो उपाय सांगतात तो सर्वांच्या परिचयाचा आहे: दागिने घालू नयेत, उशिरा फिरू नये, अनोळखी माणसाशी बोलू नये. हा उपदेश सर्वस्वी टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. सावधगिरी म्हणजे भित्रेपणा नव्हे. साखळी हिसकावणारे बहुधा दोघे असतात. एक वाहन हाकतो, मागे बसलेला हात घालतो, आणि माणूस सावध होईपर्यंत दोघेही वळणापार होतात. म्हणून समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे, पिशवी भिंतीकडील खांद्यास अडकवावी, आणि बोलण्याच्या नादात मोबाईल रस्त्याच्या बाजूस धरू नये. इतके करूनही हात पडलाच, तर ओढाताण करू नये. सोने पुन्हा घडविता येते, फरफटलेला देह पुन्हा घडविता येत नाही. चोराचा चेहरा, वाहनाचा क्रमांक व पळाल्याची दिशा एवढे ध्यानात ठेवून तत्काळ ११२ ह्या क्रमांकावर कळवावे.

दुसरा प्रकार भामट्यांचा. त्यांत बळाचे काम नसून केवळ जिभेचे काम असते. सभ्य पोषाखातील दोन इसम वाटेत वृद्धेस गाठतात व आपण पोलीस असल्याचे सांगून म्हणतात, ‘पुढे खून झाला आहे, आजी, दागिने काढा, रुमालात बांधून देतो.’ घरी येऊन रुमाल सोडावा, तो आत खडे! अथवा कोणी सांगतो की, अमुक शेटजीस बहुत वर्षांनी मुलगा झाला म्हणून ते गरिबांस साड्या वाटीत आहेत, तेव्हा गरीब दिसण्यासाठी बांगड्या तेवढ्या उतरवाव्यात. ह्या युक्त्या जुन्या आहेत, तरी दरवर्षी नवी माणसे त्यांस बळी पडतात. खरा पोलीस भर रस्त्यात कोणाचे दागिने उतरवून पुडी बांधून देत नाही, आणि खऱ्या दात्यास असल्या अटीची गरज पडत नाही. एवढे घराघरांतील आजीस व आजोबास आजच सांगून ठेवावे.

परंतु सावधगिरीचा हा उपदेश जेथे थांबावयास पाहिजे तेथे न थांबता पुढे दोषारोपाचे रूप घेतो, आणि तेथूनच आमचा विरोध सुरू होतो. बाई लुटली गेली की पहिला प्रश्न चोराविषयी निघत नाही. ‘ती त्या वेळी तेथे कशाला गेली होती?’ असा निघतो. ज्या समाजाने मंगळसूत्र हे सौभाग्याचे चिन्ह म्हणून स्त्रीच्या गळ्यात घातले, तोच समाज ते हिसकावले गेल्यावर ‘घातलेस कशाला?’ असे विचारतो, ह्यासारखी विसंगती दुसरी नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा तेथे शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर रस्त्यात शेणमाती टाकली जाई. घरी बसा, हा उपदेश त्यांसही करण्यात आला असेलच. त्या घरी बसल्या असत्या तर रस्ता निर्धोक झाला नसता. केवळ ओस पडला असता. आजही रात्रपाळी करून येणारी परिचारिका, शिकवणीहून परतणारी मुलगी, धुणीभांडी आटोपून कुरारच्या चढावर परत निघालेली बाई, यांस ‘बाहेर पडू नका’ म्हणणे म्हणजे चोराची शिक्षा त्यांस देणे होय.

ह्या दोषारोपाचे दुसरे फळ याहूनही कडू आहे. ते म्हणजे मौन. ‘पोलिसांत जाऊन काय होणार?’ असे म्हणून लोक गप्प बसतात, किंवा मोबाईल चोरीस गेला असता ‘हरवला’ असा दाखला घेऊन परततात. त्यामुळे चोरास अभय मिळते व ठाण्याच्या दप्तरी तो रस्ता निर्मळ ठरतो. २०१३ च्या ऑगस्टात महालक्ष्मीच्या उजाड शक्ती मिलमध्ये एका तरुण छायाचित्रकार पत्रकर्तीवर सामूहिक अत्याचार झाला. तो उजेडात आल्यावर दुसरी एक तरुणी पुढे आली व त्याच जागी, त्याच टोळीतील काही जणांनी, त्याच वर्षीच्या जुलैत आपणावरही असाच प्रसंग आणल्याचे तिने सांगितले. तिच्या पहिल्या मौनाचा दोष तिला देणारा मनुष्य निर्दय म्हटला पाहिजे. जो समाज पीडितेस प्रथम लाज विचारतो व मग हकीकत विचारतो, त्याने ते मौन तिच्यावर लादले होते. बोलण्यास एक महिना उशीर झाला, आणि त्या महिन्यात ते नराधम मोकळे राहिले.

कायद्याने तरी आता बोलणाऱ्याची वाट पूर्वीपेक्षा सुकर केली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०४ व्या कलमाने हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ती विद्युत माध्यमानेही पाठविता येते, मात्र तीन दिवसांत तीवर सही केली पाहिजे. आणि नोंदलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळण्याचा फिर्यादीस हक्क आहे. ठाण्याने नोंद नाकारल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी व तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यापुढे जावे. चोरीचा मोबाईल सरकारच्या ‘संचार साथी’ द्वारे देशभर बंद पाडता येतो. तसे सर्रास होऊ लागले तर त्या चोरीतील लाभच उरणार नाही. हक्क न वापरल्यास गंजतो. म्हणून शेजारच्या घरी चोरी झाली तर त्या कुटुंबासोबत ठाण्यापर्यंत चालत जाणे, हे आम्ही हल्लीच्या काळातील खरे शेजारकर्तव्य समजतो.

शेजाऱ्याचे हे कर्तव्य न पाळल्यास काय होते हे ह्याच उपनगराने पाहिले आहे. २० ऑक्टोबर २०११ रोजी अंधेरीच्या अंबोली भागात आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांस दोन तरुणांनी हटकले. ते गुंड साथीदार घेऊन परत आले व भर वस्तीत त्यांनी दोघांस भोसकले. एक त्याच रात्री गेला, दुसरा काही दिवसांनी. २०१६ साली चौघांस जन्मठेप झाली. पण सभोवार उभे राहून पाहणाऱ्यांस कोणते न्यायालय काय शिक्षा देणार? शस्त्रापुढे निःशस्त्राने उडी घ्यावी असे आम्ही सांगत नाही. दहा जणांनी एकदम ओरड करणे, दुकानाचे दार पीडितास उघडून देणे, पोलिसांस कळविणे आणि पुढे न डगमगता साक्ष देणे, एवढे तरी कोणासही शक्य आहे.

परंतु येथेच दुसऱ्या टोकाच्या धोक्याचीही सूचना दिली पाहिजे. भयभीत जमाव हा चोरापेक्षाही क्रूर असतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावाने ठेचून मारले. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला, तरी त्याची वृत्ती आमच्या मनांतून अद्याप रद्द झालेली नाही. दिंडोशीत तिचे रूप असे की, चोरी झाली की उंच इमारतीतील मनुष्य आप्पापाड्याकडे व संतोषनगराकडे बोट दाखवितो. ज्या चाळींतून त्याच्या घरची स्वयंपाकीण, वाहनचालक व पहारेकरी येतात त्याच चाळींवर हा आरोप! वस्तुतः अंधाऱ्या बोळांतून रोज पायी जावे लागते ते ह्याच गरिबांस, आणि लुटले गेल्यावर महिन्याची मजुरी जाते तीही ह्यांचीच.

संपन्न लोकांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे: उंच भिंत, लोखंडी दार, पगारी पहारेकरी व सीसीटीव्ही. २०१६ साली सरकारनेही मुंबईत हजारो कॅमेरे बसविले. ते उपयोगी आहेत, ह्यात संशय नाही. परंतु कॅमेरा चोर दाखवितो, हाकेस धावून येत नाही. आणि भिंत जितकी उंच, तितका भिंतीबाहेरचा रस्ता निर्मनुष्य. ज्या रस्त्यावर वाण्याचे दुकान, चहाची टपरी व खिडकीत बसलेली माणसे आहेत तेथे चोरास शंभर डोळे चुकवावे लागतात. जेथे दोन्ही बाजूंस नुसत्या भिंती आहेत तेथे एकही नाही. अभय हे पाण्यासारखे आहे; एकट्याच्या हौदात ते फार दिवस टिकत नाही.

मग करावे काय? दृष्टान्त दूरचा नको. १९७० व १९८४ साली दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. सामान्य हिंदू-मुसलमान रहिवासी व पोलीस त्यांत नियमाने एकत्र बसत. १९९२-९३ साली मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. दंग्याच्या आगीत जो परस्परविश्वास टिकला, तो साखळीचोरापुढे टिकणार नाही काय? आणि एकजुटीचे बळ दिंडोशीस कोणी शिकवावे! मृणाल गोरे व बाबुराव सामंत यांच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषदेने जमिनीसाठी दीर्घ झगडा दिला व ह्याच टेकडीवर सहा हजारांवर सामान्य कुटुंबांस हक्काची घरे मिळवून दिली. ज्यांनी मिळून घर मिळविले त्यांस मिळून रस्ता मिळविता येईल.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक रस्त्याची एक समिती असावी. तीत इमारतीतील व चाळीतील माणसे सारख्या संख्येने, आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. फेरीवाले व रिक्षावाले यांस अगत्याने घ्यावे, कारण रस्ता त्यांच्याइतका कोणीच ओळखत नाही. समितीने महिन्यातून एकदा ठाणे-अधिकाऱ्यांस भेटावे, विझलेल्या दिव्यांची व अंधाऱ्या वळणांची यादी पालिकेस द्यावी, आणि दिवा लागेपर्यंत पाठ सोडू नये. फिर्यादीसोबत ठाण्यात जाण्यासाठी दोघे जण नेहमी नेमलेले असावेत. ह्यास पैसा लागत नाही. उंबऱ्याबाहेरचा रस्ताही आपलाच आहे, एवढी समजूत लागते. ती आली तर स्थानकाहून निघालेल्या त्या बाईस मागे वळून पाहण्याचे कारण राहणार नाही; आणि पाहिलेच, तर मागे कोणी ओळखीचे येत असेल.