शोक, विषाद, ताप: मनःक्लेशवाचक शब्दांचे विरुद्धार्थी

‘दुःख’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणता, असे विचारल्यास शाळेतील मुलापासून कोशकारापर्यंत सर्वांचे उत्तर ‘सुख’ असेच येते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. ज्याचे माणूस गेले आहे त्याला काही काळाने जे वाटू लागते, ते सुख नव्हे. आणि जो सुखात आहे तो दुःखातून बाहेर आलेला असतोच असेही नाही. मराठीत मनःक्लेशाला विरुद्ध असे अनेक शब्द आहेत आणि ते परस्परांच्या जागी सहसा चालत नाहीत. याचे कारण असे की, भाषेने क्लेशाची जी जी प्रतिमा कल्पिली, त्या त्या प्रतिमेनुसार तिने त्याचा विरोधी शब्दही घडविला. विरुद्धार्थ हा शब्दाशब्दांत जितका असतो, तितकाच तो या प्रतिमांतही असतो.

प्रथम विरोधाचे प्रकार पाहू. तर्कशास्त्रात व्याघात आणि वैपरीत्य यांत भेद करतात. ‘जिवंत’ आणि ‘मृत’ यांमध्ये तिसरी अवस्था संभवत नाही. हा व्याघात होय. ‘उष्ण’ आणि ‘थंड’ यांमध्ये मात्र कोमट अशी मधली अवस्था असते, हे वैपरीत्य. सुख आणि दुःख ही जोडी दुसऱ्या प्रकारची आहे. दुःखाचा अभाव म्हणजे सुख नव्हे, हे आपल्या दर्शनकारांनीही ओळखले होते. न्यायसूत्रांत अपवर्गाचे लक्षण दुःखापासून आत्यंतिक सुटका असे केले आहे. वेदान्ताने मात्र आनंद हा भावरूप मानला. एकाच ध्येयाचे हे दोन वर्णनप्रकार भाषेतही दिसतात. काही शब्द क्लेशाचा निषेध करून बनतात, तर काही स्वतंत्रपणे एका भावाचा निर्देश करतात.

निषेधाने बनलेल्या शब्दांचा विचार करताना वसई तालुक्यातील सोपाऱ्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. इ. स. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरूड राजाच्या कोटातील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी मौर्य सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा सोपाऱ्यास मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शासनाचा तुकडाही सापडला. ‘अशोक’ या नावाचा अर्थच ‘शोक नसलेला’ असा आहे. तथापि या शासनांत राजा स्वतःस ‘देवांचा प्रिय, प्रियदर्शी’ असे म्हणवितो; ‘अशोक’ हे नाव मस्की येथील लेखासारख्या मोजक्याच ठिकाणी येते. आठवे शासन राजांच्या विहारयात्रा आणि अशोकाची धर्मयात्रा यांची तुलना करते, आणि धर्मयात्रेने लाभणाऱ्या अधिक आनंदास तेथे ‘रति’ हा शब्द योजला आहे. नववे शासन ‘मंगल’ या शब्दाभोवती रचलेले आहे. हे दोन्ही शब्द भावरूप आहेत. उलट, बौद्धांच्या चार आर्यसत्यांतील तिसरे सत्य ‘दुःखनिरोध’ हे निषेधरूप आहे; त्यास ‘सुख’ असे नाव दिलेले नाही. सोपाऱ्यासारख्या एकाच बौद्ध केंद्राच्या परंपरेत विरोधाच्या या दोन्ही तऱ्हा अशा रीतीने एकत्र आढळतात.

आता प्रतिमांकडे वळू. ‘शोक’ हा शब्द शुच् धातूपासून आला आहे. या धातूचा वैदिक अर्थ जळणे, प्रकाशणे असा असून ‘शुचि’ हा शब्दही त्याचाच. ‘ताप’, ‘संताप’, ‘अनुताप’ आणि ‘पश्चात्ताप’ हे तप् धातूचे. मराठीत माणूस दुःखाने पोळतो, त्याचे काळीज जळते. म्हणून या क्लेशाचा विरोध उष्णता कमी होण्यात दिसतो. जीव निवतो, डोळे निवतात, काळीज थंड होते. ‘निवणे’ हे क्रियापद संस्कृत निर्-वा या मूळाशी, म्हणजे पर्यायाने ‘निर्वाण’ या शब्दाशी, संबद्ध आहे. ‘शांत’ हा शम् धातूपासून, म्हणजे शमलेला. या सर्व शब्दांत आनंदाचा निर्देश नाही. आग विझल्याचा आहे.

दुसरी प्रतिमा खाली बसण्याची, बुडण्याची आहे. ‘विषाद’ आणि ‘विषण्ण’ यांत सद् धातूस ‘वि’ हा उपसर्ग लागला आहे. त्याच धातूस ‘प्र’ लागला की ‘प्रसाद’ आणि ‘प्रसन्न’ होतात. गाळ तळाशी बसून नितळ झालेले पाणी ते प्रसन्न. एकच धातू, दोन उपसर्ग आणि परस्परविरुद्ध दोन मनःस्थिती असा हा नमुना आहे. ‘विषण्ण’ याचा खरा विरोधी शब्द ‘सुखी’ नसून ‘प्रसन्न’ हाच होय. वसईतील ‘निर्मळ’ हे ग्रामनाम याच अर्थक्षेत्रातले असले, तरी त्याची घडण निषेधाची आहे; मळ नाही ते निर्मळ.

तिसरी प्रतिमा ओझ्याची. मनावर भार असतो, तो उतरला की ‘हलके’ वाटते, मन ‘मोकळे’ होते. चौथी कंपाची. ‘उद्वेग’ हा विज्, म्हणजे थरथरणे, या धातूचा. म्हणून त्याच्या विरोधात स्थैर्य येते, आणि माणूस ‘स्वस्थ’, म्हणजे स्वतःच्या ठायी स्थिर, होतो. हिंदीत ‘स्वस्थ’ म्हणजे निरोगी. मराठीत मात्र मूळ अर्थाची छाया अधिक टिकली आहे. ‘समाधान’ याचेही तसेच. हिंदीत त्याने प्रश्नाची उकल सूचित होते, तर मराठीत मनाची तृप्ती.

‘सुख’ आणि ‘दुःख’ यांची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचे विशेषण म्हणून येते; त्यावरून ‘ख’ म्हणजे आसाचे छिद्र असे मानून, ज्याचे चाक सहज फिरते तो सुख रथ, असा अर्थ लावतात. ‘दुःख’ हे मात्र ‘दुःस्थ’ याचे प्राकृत वळणाचे रूप असावे, असेही एक मत आहे. हे मत ग्राह्य धरल्यास ही प्रसिद्ध जोडी मुळात जोडी नव्हतीच. रूपसाम्यामुळे ती पुढे जुळली, असे म्हणावे लागेल.

फारसी-अरबीतून आलेले शब्दही येथे ध्यानात घ्यावयास हवेत. ‘दिलासा’ हा हृदयाला मिळालेला विसावा. ‘निर्धास्त’ यात संस्कृत उपसर्ग आणि फारसी मूळ यांचा संयोग झाला आहे. ‘निश्चिंत’ आणि ‘बेफिकीर’ यांची घडण सारखीच असूनही पहिला प्रशंसापर राहिला आणि दुसऱ्यास दोषाची छटा आली. केवळ निषेधाच्या घटनेवरून शब्दाचे मूल्य ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

हा भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा नाही. अनुवादकाला तो पावलोपावली भेटतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी बायबल सुबोध मराठीत आणले. असे काम करणाऱ्यासमोर हिब्रू ‘शालोम’ सारखा शब्द येतो. त्याच्या मुळाशी परिपूर्णतेची, अखंडतेची कल्पना आहे. मराठी बायबलात रूढ असलेल्या ‘शांती’च्या मुळाशी मात्र शमन आहे. अर्थ जुळला तरी प्रतिमा बदलते. शोकाकुल घरी गेलेल्या माणसाचेही असेच. तेथे आनंदाचे शब्द बोलू नयेत, हे शिष्टाचार सांगतो. का बोलू नयेत, हे शब्दार्थशास्त्र सांगू शकते. जळणाऱ्याला प्रथम निवणे हवे असते. हर्ष ही फार पुढची गोष्ट.

या अर्थक्षेत्राचा बोलींच्या अंगाने अभ्यास व्हावयास हवा, आणि वसई परिसर त्यास विशेष अनुकूल आहे. कादोडी ऊर्फ सामवेदी ही बोली येथील सामवेदी ब्राह्मण आणि ख्रिस्ती कुपारी या दोन्ही समाजांत बोलली जाते. बोली एक आणि धर्मपरंपरा दोन असल्यामुळे, शोक शमविणारे शब्द बोलीतून आले की धर्मभाषेतून, हे तेथे पडताळता येईल. मात्र माहिती गोळा करणाऱ्याने ‘दुःखाच्या उलट काय?’ असा प्रश्न विचारू नये; उत्तर ‘सुख’ असेच मिळेल. दुःख ओसरल्यावर काय वाटले आणि घरच्यांनी त्याला काय म्हटले, हे विचारावे. शब्द तेथे सापडतील.