पर्यटकांचे डॉलर आणि तारापूरचे कर्ज

पालघर जिल्ह्याचे मुख्यालय ज्या कोळगावात उभे राहिले, तेथून बोईसरमार्गे तारापूर गाठायला फार वेळ लागत नाही. कारखान्यांची धुराडी मागे पडली की समुद्राच्या काठी अणुवीज केंद्राच्या इमारती दिसू लागतात. ऑक्टोबर १९६९मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू करणारे हे देशातील पहिले अणुवीज केंद्र. डॉ. होमी भाभांची दूरदृष्टी, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्या आणि १९७४च्या पोखरण चाचणीनंतर इंधनपुरवठ्यावरून झालेला वाद, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. त्यामागच्या कर्जाच्या कागदांकडे मात्र सहसा कोणी वळत नाही.

या प्रकल्पासाठी अमेरिकेने ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. मुदत ४० वर्षांची, व्याज अवघे पाऊण टक्का. आजच्या गृहकर्जदाराला हेवा वाटावा असाच हा दर. पण त्या सवलतीला एक गाठ मारलेली होती. हे डॉलर यंत्रसामग्री आणि तांत्रिक सेवांसाठी अमेरिकेतच खर्च करायचे होते. मदत देणारा देश पैसा घराबाहेर जाऊ नये म्हणून इतका दक्ष का झाला, याचे उत्तर शोधू गेल्यास त्याचा एक धागा थेट पॅरिसच्या उपाहारगृहांत आणि रोमच्या हॉटेलांत जाऊन पोहोचतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा चित्र नेमके उलटे होते. युरोपला अन्न, कोळसा, यंत्रे सगळेच अमेरिकेकडून हवे होते आणि त्यासाठी लागणारे डॉलर युरोपकडे नव्हते. १९४४च्या ब्रेटन वूड्स करारानुसार डॉलर हे जगाचे मध्यवर्ती चलन ठरले होते. एक औंस सोन्याला ३५ डॉलर हा भाव बांधलेला होता आणि परदेशी मध्यवर्ती बँकांना आपल्याकडील डॉलर देऊन त्या भावाने अमेरिकेकडून सोने घेता येत होते. १९४८पासून मार्शल योजनेखाली सुमारे १,३०० कोटी डॉलर युरोपला मिळाले. परंतु मदत कायम चालू राहणार नव्हती. मग युरोपने डॉलर कमवावेत कसे? अमेरिकी धोरणकर्त्यांना सापडलेल्या उत्तरांपैकी एक होते पर्यटन.

परदेशी पाहुण्याने केलेला खर्च ही अर्थशास्त्राच्या भाषेत निर्यातच असते. फरक इतकाच की, माल गिऱ्हाइकाकडे जात नाही, गिऱ्हाईक मालाकडे येते. अमेरिकी कुटुंब पॅरिसमध्ये आठवडाभर राहिले की, ते आपले प्रवासी धनादेश बँकेत वटवून फ्रँक घेई. ते फ्रँक हॉटेलमालकाला, टॅक्सीवाल्याला, अत्तराच्या दुकानदाराला मिळत. डॉलर मात्र बँकेमार्फत फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत जमा होत आणि त्यातून फ्रान्स अमेरिकी यंत्रे विकत घेई. यासाठी ना कारखाना उभारावा लागे, ना जहाज भरावे लागे. म्हणूनच मार्शल योजनेच्या कायद्यात प्रवासाला उत्तेजन देण्याची तरतूद होती. परदेशातून करमुक्त आणता येणाऱ्या वस्तूंची मर्यादाही अमेरिकी नागरिकांसाठी वाढवत ५०० डॉलरपर्यंत नेण्यात आली. सरकारच आपल्या नागरिकांना ‘बाहेर जा आणि खर्च करा’ म्हणून सांगत होते, असा हा दुर्मीळ काळ.

नागरिकांनी ते मनावर घेतले. १९५७मध्ये आर्थर फ्रॉमर यांचे दिवसाला ५ डॉलरमध्ये युरोप पाहण्याचे मार्गदर्शन करणारे पुस्तक आले. १९५८च्या ऑक्टोबरमध्ये पॅन ॲमची बोइंग ७०७ विमाने न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर धावू लागली. श्रीमंतांपुरती असलेली युरोपची सफर शिक्षक आणि कारकुनांच्याही आवाक्यात आली. पण तोपर्यंत युरोप सावरला होता. ज्या डॉलरची त्याला टंचाई होती, ते आता तिजोऱ्यांत साचू लागले होते आणि त्यांच्या बदल्यात सोने मागितले जाऊ लागले. अमेरिकेचा सोन्याचा साठा १९४९मध्ये सुमारे २,४५० कोटी डॉलरचा होता. १९६०च्या अखेरीस तो सुमारे १,७८० कोटींवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बाजारात सोन्याने औंसाला ४० डॉलरचा भाव गाठला, तेव्हा बांधील भावावरचा विश्वास डळमळल्याचे स्पष्ट झाले.

अर्थात, हा सगळा दोष पर्यटकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वस्तूंच्या व्यापारात अमेरिका १९६०च्या दशकात निर्यातीतच पुढे होती. गळती होती ती परदेशातील लष्करी तळ, मदत, कंपन्यांची परदेशी गुंतवणूक आणि त्यांच्या जोडीने पर्यटन यांतून. तळ हलवणे म्हणजे मित्रराष्ट्रांना दुखावणे, गुंतवणूक रोखणे म्हणजे उद्योगपतींचा रोष. सुट्टीवर निघालेला माणूस त्या मानाने सोपे लक्ष्य होता.

केनेडी यांनी १९६१मध्ये तेच केले. करमुक्त खरेदीची मर्यादा ५०० वरून १०० डॉलरवर आणली आणि परदेशी पाहुण्यांना अमेरिकेत बोलावण्यासाठी स्वतंत्र सरकारी विभाग स्थापन केला. १ जानेवारी १९६८ रोजी जॉन्सन यांनी पुढचे पाऊल टाकले. प्रवासखात्यावरील तूट २०० कोटी डॉलरच्या वर गेल्याचे सांगून त्यांनी नागरिकांना दोन वर्षे पश्चिम गोलार्धाबाहेरचा अनावश्यक प्रवास टाळण्याचे आवाहन केले. पाठोपाठ पर्यटकाच्या दैनंदिन खर्चावर कर लावण्याचा प्रस्ताव आला: दिवसाला पहिल्या ७ डॉलरवर काही नाही, ७ ते १५ डॉलरपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. घरी परतल्यावर जेवणाखाणाचा हिशेब सरकारला द्यायचा, ही कल्पना अमेरिकी मतदाराला मानवणारी नव्हती. हा खर्चकर संमत झाला नाही.

परदेशी मदत घेणाऱ्यांना मात्र मतदानाचा हक्क नव्हता! तेथे निर्बंध सहज लागू झाले. १९५९पासून अमेरिकेने विकासकर्जे स्वदेशी खरेदीला बांधण्यास सुरुवात केली आणि केनेडींच्या काळात ही गाठ अधिक घट्ट झाली. तारापूरचे कर्ज याच काळातले. त्यातला डॉलर अमेरिकेतच फिरत असल्याने वॉशिंग्टनच्या सोन्याला त्याचा धोका नव्हता. परतफेड मात्र डॉलरमध्ये करायची होती. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. भारताच्या हिशेबात ८ कोटी डॉलरचा आकडा सुमारे ३८ कोटी रुपयांवरून एका दिवसात ६० कोटींवर पोहोचला. केंद्रातून वीज यायला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता.

भारताला स्वतःच्या गंगाजळीची काळजी अमेरिकेहून कितीतरी अधिक होती. १९५७-५८च्या परकीय चलन संकटानंतर भारतीयांच्या परदेश प्रवासावर कडक बंधने आली. १९६०च्या दशकात शिक्षणासाठी अमेरिकेला गेलेले अनेक मराठी तरुण खिशात जेमतेम ८ डॉलर घेऊन विमानात बसले, ही आठवण आजही घरोघरी सांगितली जाते. दुसऱ्या बाजूला, परदेशी पाहुणा आपल्याकडे यावा यासाठी धडपड सुरू होती. अधिकृत नोंदींनुसार १९५१मध्ये सुमारे १७ हजार परदेशी पर्यटक भारतात आले होते. १९६१मध्ये ही संख्या १ लाख ४० हजारांच्या आसपास गेली. १९६६मध्ये भारत पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. अजिंठा-वेरूळची लेणी पाहायला येणारा परदेशी पाहुणा परकीय चलनाचा स्रोत ठरला तो याच गणिताने.

१५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. युरोपातील विनिमय बाजार आठवडाभर बंद राहिले आणि तेथे सहलीला गेलेल्या अमेरिकी पर्यटकांना आपलेच डॉलर वटवताना नाकीनऊ आले. ज्या नोटेसाठी वीस वर्षांपूर्वी पायघड्या घातल्या जात होत्या, तीच नोट हॉटेलवाले संशयाने न्याहाळू लागले.

भारताच्या बाबतीत पारडे फिरायला आणखी तीन दशके लागली. २००४मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा दिली. २०१५मध्ये ही मर्यादा अडीच लाख डॉलर झाली. २०२३-२४ या आर्थिक वर्षात या योजनेतून सुमारे ३,१७० कोटी डॉलर देशाबाहेर गेले आणि त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे १,७०० कोटी, प्रवासापोटी होते. त्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०२३पासून, ७ लाख रुपयांवरील परदेशी सहलींच्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापण्याचा नियम लागू झाला. ही रक्कम प्राप्तिकरातून वळती करून घेता येते, त्यामुळे जॉन्सन यांच्या प्रस्तावाशी त्याची थेट तुलना होणार नाही. तरीही सहलीला निघालेल्याच्या पाकिटाकडे सरकारची नजर वळण्याचा प्रसंग, या वेळी दिल्लीत का होईना, पुन्हा आलाच.